इमेजची रुंदी स्क्रीन बघून ठरवू नका

रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे खिडकीच्या रुंदीनुसार मांडणी बदलणाऱ्या साइटवर इमेज बसवायचा पहिला उपाय सगळ्यांना पाठ असतो: सीएसएसमध्ये मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइनची कल्पना मांडली, तेव्हापासून ही जोडी चालत आली आहे. इमेज चौकटीबाहेर जात नाही, आडवा स्क्रोल येत नाही, काम झालं असं वाटतं. पण या दोन ओळी फक्त इमेज केवढी दिसावी ते ठरवतात. नेटवर्कवरून केवढी फाइल येते, त्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो ३६० पिक्सेलच्या मोबाइलवर छान आक्रसून बसतो आणि तरी अख्खा डाउनलोड होतो.

डाउनलोडचा खर्च निदान डोळ्यांना दिसतो. मेमरीचा दिसत नाही. जेपेग असो की वेबपी, पडद्यावर रंगवण्याआधी ब्राउझरला ती उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलला साधारण ४ बाइट लागतात. ४००० बाय ३००० चा फोटो म्हणजे एक कोटी वीस लाख पिक्सेल, म्हणजे ४८ एमबी. फाइल दाबून ३०० केबी केली तरी हा आकडा तेवढाच राहतो. हलक्या मोबाइलवर लांबलचक गॅलरी स्क्रोल करताना पान अडखळतं किंवा टॅब आपोआप रीलोड होतो, तेव्हा बऱ्याचदा कारण हे असतं. कॉम्प्रेशन कितीही चांगलं असलं तरी पिक्सेल कमी केल्याशिवाय यातून सुटका नाही.

मग पिक्सेल किती ठेवायचे? इथे बहुतेक टीम एका सोप्या समजुतीवर चालतात: मोबाइलला छोटी इमेज, टॅब्लेटला मधली, डेस्कटॉपला मोठी. ऐकायला ठीक वाटतं, पण हिशेब मांडला की कोसळतं.

एक ग्रिड, चार आकडे

कार्डांची नेहमीची ग्रिड घ्या. पानाच्या दोन्ही कडांना २४ पिक्सेल पॅडिंग, कार्डांमध्ये २४ पिक्सेल गॅप. ६०० पिक्सेलपर्यंत एक कॉलम, ६०० पासून दोन, १०२४ पासून तीन, आणि १२०० ला पानाची रुंदी थांबते. आता प्रत्येक ठिकाणी इमेजला मिळणारी जागा मोजू.

१२०० आणि त्यापुढे: १२०० मधून पॅडिंगचे ४८ आणि दोन गॅपचे ४८ वजा केले की ११०४ उरतात, भागिले तीन म्हणजे ३६८ पिक्सेल. १०२४ ला हीच जागा जेमतेम ३०९ असते. दोन कॉलमच्या टप्प्यात ती २६४ पासून ४७५ पर्यंत वाढत जाते. आणि ५९९ पिक्सेलच्या खिडकीत, जिथे एकच कॉलम आहे, तिथे जागा होते ५५१ पिक्सेल. म्हणजे या लेआउटमधली सर्वांत मोठी इमेज डेस्कटॉपवर नसून अरुंद खिडकीत आहे.

त्यात स्क्रीनची घनता (डीपीआर), म्हणजे सीएसएसच्या एका पिक्सेलच्या रुंदीत स्क्रीनचे खरे पिक्सेल किती बसतात तो आकडा, धरा. ४१२ पिक्सेल रुंदीचा, २.६२५ घनतेचा अँड्रॉइड फोन घेतला तर जागा ३६४ सीएसएस पिक्सेल, आणि तिला लागणारे खरे पिक्सेल सुमारे ९५६. त्याच पानावर १९२० रुंदीच्या, १ घनतेच्या मॉनिटरला लागतात ३६८. फोनला डेस्कटॉपच्या अडीचपट रुंद फाइल हवी आहे! 'मोबाइलला छोटी' या नियमाने चाललं तर फोनवर धूसर दिसणार आणि मॉनिटरवर डेटा वाया जाणार.

सूत्र एवढंच आहे: लेआउटमध्ये इमेजला मिळणारी जागा गुणिले घनता. उपकरण कोणतं, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही. पुढचं सगळं हे सूत्र ब्राउझरच्या गळी कसं उतरवायचं, त्याबद्दल आहे.

सोर्ससेट सोपं, साइझेस अवघड

एचटीएमएलच्या इमेज टॅगवर दोन अ‍ॅट्रिब्यूट लागतात. सोर्ससेटमध्ये एकाच फोटोच्या वेगवेगळ्या रुंदीच्या फाइलींची यादी द्यायची, प्रत्येकीपुढे तिची खरी रुंदी आणि डब्ल्यू हे अक्षर. साइझेसमध्ये सांगायचं की कोणत्या परिस्थितीत इमेजची जागा किती असेल. घनता, खिडकीची रुंदी हे ब्राउझरला आधीच माहीत असतं. यादीतली कोणती फाइल उचलायची हे तो ठरवतो.

साइझेस हाताने का लिहायचं? सीएसएसमध्ये सगळं लिहिलेलंच आहे की. अडचण वेळेची आहे. ब्राउझरचा प्रीलोड स्कॅनर एचटीएमएल हातात येताच इमेजच्या पत्त्यांचा माग काढतो आणि त्या मागवायला लागतो. त्या क्षणी सीएसएस कदाचित पोहोचलेलीही नसते, लेआउट तर दूरच. म्हणून जागेचा आकडा एचटीएमएलमध्येच लिहून द्यावा लागतो.

वरच्या ग्रिडसाठी साइझेसमध्ये चार तुकडे येतात, स्वल्पविरामाने वेगळे केलेले. पहिला: किमान रुंदी १२०० असेल तर ३६८ पिक्सेल. दुसरा: किमान १०२४ असेल तर कॅल्कमध्ये (सीएसएसचं गणित करणारं फंक्शन) १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे खिडकीची पूर्ण रुंदी, उणे ९६ पिक्सेल, भागिले ३. तिसरा: किमान ६०० असेल तर १०० व्हीडब्ल्यू उणे ७२ पिक्सेल, भागिले २. चौथा, अटीशिवाय: १०० व्हीडब्ल्यू उणे ४८ पिक्सेल. ब्राउझर डावीकडून वाचतो आणि पहिली जुळलेली अट धरून थांबतो. मिन-विड्थने लिहिताना मोठा आकडा आधी घ्या, मॅक्स-विड्थने लिहिताना लहान आधी. क्रम उलटा झाला तर १०२४ ची अट १४४० च्या खिडकीलाही जुळते आणि १२०० ची अट कधी वाचलीच जात नाही. चूक कुठे दिसत नाही, कन्सोलमध्ये इशारा येत नाही, फक्त फाइल चुकीची येते.

साइझेस गाळलं तर ब्राउझर १०० व्हीडब्ल्यू धरतो, म्हणजे इमेज अख्ख्या खिडकीभर आहे असं समजतो. १९२० च्या मॉनिटरवर, ३६८ पिक्सेलच्या कार्डासाठी तो यादीतली सर्वांत मोठी फाइल ओढतो. ४५० ऐवजी १८०० रुंदीची आली तर पिक्सेल सोळापट. ४:३ प्रमाण धरलं तर बारा कार्डांच्या पानाला मेमरी लागते ११७ एमबीच्या आसपास, जिथे साडेसात एमबीही पुरली असती. सोर्ससेट लिहून साइझेस विसरणं ही माझ्या मते या विषयातली सर्वांत महागडी चूक आहे. यादी बघून कोड तपासणारा खूश होतो आणि पुढे जातो.

साइझेसमध्ये टक्के चालत नाहीत. कशाचे टक्के, हे लेआउट नसताना सांगता येत नाही. सीएसएस व्हेरिएबलही चालत नाहीत. ईएम (फॉन्टच्या मापावरचं एकक) चालतात, पण ते ब्राउझरच्या मूळ फॉन्टसाइझवर मोजले जातात, तुमच्या सीएसएसमधल्या नव्हे. आणि विंडोजवरच्या जाड स्क्रोलबारची रुंदी १०० व्हीडब्ल्यूमध्ये धरलेली असते, त्यामुळे हिशेब पंधरा-सतरा पिक्सेलनी पुढे जातो. तेवढ्याकडे दुर्लक्ष करा. साइझेस पिक्सेलपर्यंत अचूक असायची गरज नाही. पाच-दहा टक्क्यांच्या फरकाने बहुतेक वेळा तीच फाइल निवडली जाते.

सोर्ससेटमधल्या बारीक खाचखळग्यांचीही यादी मोठी आहे, त्यातल्या नेहमी पायात येणाऱ्या तेवढ्या सांगतो. आकड्यापुढे डब्ल्यूच लागतो. पीएक्स लिहिलं की ब्राउझर ती नोंद गुपचूप टाकून देतो. रुंदीऐवजी घनता सांगणारा एक्सही असतो (१एक्स, २एक्स); एका यादीत डब्ल्यू आणि एक्स यांची सरमिसळ करू नका. फाइलच्या पत्त्यात मोकळी जागा असेल तर ती एन्कोड करा, नाहीतर पत्ता तिथेच तुटतो. पत्त्याच्या शेवटी स्वल्पविराम येत असेल तरीही तेच. आणि यादी डब्ल्यूची असेल तर मूळ एसआरसी अ‍ॅट्रिब्यूटमधली फाइल निवडीत धरली जात नाही. ती फक्त सोर्ससेट न समजणाऱ्यांसाठी उरते. म्हणून तीच रुंदी हवी असेल तर यादीतही लिहा.

डब्ल्यूचा आकडा फाइलच्या खऱ्या रुंदीशी जुळलाच पाहिजे. मूळ फोटो १००० चाच होता, टूलने तो वाढवला नाही, पण टेम्पलेटने डोळे झाकून १२८० लिहिलं, असं सर्रास होतं. सीएसएसने रुंदी बांधलेली नसेल तर ब्राउझर आकड्यावर विश्वास ठेवून गुणोत्तर काढतो आणि ३६८ च्या जागी इमेज २८७ ची दिसते. कार्ड अर्धवट भरलेलं का दिसतं, म्हणून लोक सीएसएसमध्ये शोधत बसतात.

एक्स डिस्क्रिप्टरला, म्हणजे १एक्स आणि २एक्सला, फक्त ठरावीक मापाच्या इमेजसाठी वापरा: हेडरमधला लोगो, ४८ पिक्सेलचा अवतार. जागा खिडकीनुसार बदलत असेल तर एक्सला त्याचा पत्ताच लागत नाही.

लेझी लोडिंग असलेल्या, म्हणजे स्क्रोल करून जवळ आल्यावरच मागवल्या जाणाऱ्या इमेजसाठी आता एक सोय झाली आहे: साइझेसमध्ये ऑटो लिहायचं. लेझी इमेज मागवेपर्यंत लेआउट झालेला असतो, त्यामुळे ब्राउझर खरी जागा स्वतः मोजतो. क्रोममध्ये हे १२६ पासून, म्हणजे २०२४ पासून आहे. ज्या ब्राउझरला ऑटो कळत नाही तो तेवढा तुकडा सोडून पुढचं वाचतो, म्हणून ऑटो, मग स्वल्पविराम, मग नेहमीची यादी असं लिहिणं सुरक्षित. एक अट आहे. इमेजची रुंदी सीएसएसने ठरलेली हवी. रुंदीच इमेजवर अवलंबून सोडली असेल तर ऑटोला मोजायला काही नसतं आणि इमेज भलत्याच मापात पसरते.

किती रुंद्या, कोणत्या

ब्रेकपॉइंटच्या, म्हणजे ज्या रुंदीला लेआउट बदलतो त्या आकड्यांवरून फाइलींच्या रुंद्या ठरवायची सवय सोडा. ७६८ हा लेआउट बदलण्याचा आकडा आहे. घनतेने गुणल्यावर त्याला काही अर्थ उरत नाही. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की रुंदी १.४ पट झाली की पिक्सेल दुप्पट होतात. म्हणून मी त्याच पायरीने चढतो: ३२०, ४५०, ६४०, ९००, १२८०, १८००. सहा फाइलींत अंगठ्याएवढ्या चित्रापासून लॅपटॉपवरच्या रुंद फोटोपर्यंत सगळं येतं. हिरोसाठी, म्हणजे पानाच्या माथ्यावरच्या पूर्ण रुंदीच्या फोटोसाठी, वर २५६० ची एक जोडा. दर शंभर पिक्सेलला एक फाइल केल्याने वापरणाऱ्याला जाणवण्याजोगं काही हाती लागत नाही. उलट सीडीएनच्या (फाइली वाचकाजवळून पुरवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्याच्या) कॅशमध्ये एकच फोटो वीस तुकड्यांत विखुरतो आणि कुठलाच तुकडा पुरेसा गरम राहत नाही.

यादीतून नेमकी कोणती फाइल घ्यायची हे मानकाने ब्राउझरवर सोडलं आहे, आणि ते एकसारखं वागत नाहीत. ९५६ हवे असलेल्या वरच्या फोनवर फायरफॉक्स गरजेपेक्षा मोठी असलेली पहिली, म्हणजे १२८० ची घेतो. क्रोम दोन शेजाऱ्यांचा भूमितीय मध्य काढतो. ९०० आणि १२८० चा मध्य १०७३ येतो, गरज त्याच्या आत आहे, म्हणून तो ९०० वर भागवतो. दोन्ही बरोबर आहेत. टेस्ट करताना 'याने वेगळी का घेतली' म्हणून दिवस घालवू नका.

तीन घनतेच्या फोनला खरंच तिप्पट पिक्सेल द्यायचे का? फोटोंसाठी माझं उत्तर नाही असं आहे. दोनच्या पुढे फरक डोळ्यांना क्वचित कळतो, पिक्सेल मात्र सव्वादोन पट होतात. ट्विटरनेही २०१९ मध्ये फोनवरच्या इमेज दोन घनतेवर थांबवल्या होत्या. साइझेसमध्ये हे करता येतं: किमान रिझोल्यूशन २.५ डीपीपीएक्स (म्हणजे २.५ घनता) आणि कमाल रुंदी ५९९ अशी अट सर्वांत आधी लिहा आणि तिथे खऱ्या जागेच्या दोन-तृतीयांश आकडा द्या. हे ब्राउझरशी सरळ सरळ खोटं बोलणं आहे, पण उपयोगी. फक्त त्या इमेजला सीएसएसमध्ये विड्थ १०० टक्के हवी, नाहीतर ती दिसेलही दोन-तृतीयांशच. बारीक अक्षरं असलेले स्क्रीनशॉट, नकाशे, आकृत्या यांना ही कात्री लावू नका.

कव्हर लावलं की हिशेब बदलतो

ऑब्जेक्ट-फिट कव्हर असलेल्या, म्हणजे चौकट पूर्ण भरून उरलेला भाग कापणाऱ्या इमेजवर साइझेस बरोबर लिहूनही फोटो धूसर येतो, आणि त्याचं कारण पटकन सापडत नाही. ३९० पिक्सेल रुंद, ३ घनतेचा फोन घ्या. हिरोची चौकट ३९० बाय ६००, उभी. फोटो १६:९, आडवा. साइझेस १०० व्हीडब्ल्यू. ब्राउझर म्हणतो, ३९० गुणिले ३ म्हणजे ११७०, आणि १२८० बाय ७२० ची फाइल आणतो.

पण कव्हरमुळे फोटो उंचीला पुरेल इतका ताणला जातो. उंची ६०० व्हायची तर १६:९ च्या फोटोची रुंदी होते १०६७ सीएसएस पिक्सेल. त्यातले ३९० दिसतात, बाकी कडेला कापले जातात. स्क्रीनला उंचीत ६०० गुणिले ३, म्हणजे १८०० खरे पिक्सेल हवेत आणि फाइलमध्ये आहेत ७२०. अडीचपट ताण. साइझेसला फक्त रुंदी कळते, उंचीचं गणित त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

एक उपाय म्हणजे उभ्या खिडकीसाठी साइझेसमध्ये उंचीवरून काढलेला आकडा देणं: चौकटीची उंची गुणिले १६ भागिले ९. चौकट व्ह्यूपोर्टच्या उंचीवर बांधलेली असेल तर व्हीएचमध्येही (खिडकीच्या उंचीवरचं एकक) लिहिता येतं. फोटो नितळ येईल, पण त्यासाठी ३२०० बाय १८०० ची फाइल लागेल, सत्तावन्न लाख साठ हजार पिक्सेल, आणि त्यातला मोठा भाग कापून फेकला जाणार. दुसरा आणि चांगला उपाय म्हणजे उभा क्रॉप वेगळा बनवणं. ११७० बाय १८०० मध्ये एकवीस लाखांत काम होतं. वर सांगितलेली दोन घनतेची मर्यादा लावली तर ७८० बाय १२००, म्हणजे दहा लाखांच्या आत. शिवाय क्रॉप हाताने केला तर चेहरा मधोमध ठेवता येतो. कव्हर आंधळेपणाने मध्य धरतं.

असा वेगळा क्रॉप पिक्चर टॅगने द्यायचा. त्याच्या आत सोर्स टॅग, प्रत्येकावर मीडियाची अट, त्याचं स्वतःचं सोर्ससेट आणि साइझेस, आणि सर्वांत शेवटी साधा इमेज टॅग. ऑल्ट, लोडिंग, क्लास हे सगळं त्या शेवटच्या टॅगवर जातं. सोर्ससेट ही ब्राउझरला केलेली सूचना असते, तर पिक्चरमधली मीडियाची अट हा हुकूम असतो. जुळली की तीच फाइल. म्हणून नुसत्या रुंद्या बदलण्यासाठी पिक्चर वापरू नका. चित्रच बदलत असेल किंवा फॉरमॅट बदलत असेल तेव्हाच. फॉरमॅटसाठी क्रम एव्हीआयएफ, मग वेबपी, मग इमेज टॅगमध्ये जेपेग. इथेही पहिला जुळलेला जिंकतो, त्यामुळे वेबपी वर गेला की एव्हीआयएफ फाइली सर्व्हरवर नुसत्या पडून राहतात.

सीएसएसमधून लावलेल्या बॅकग्राउंड इमेजला साइझेससारखं काही नाही. इमेज-सेट आहे, पण ते घनता बघतं, जागा नाही. मजकूर म्हणून महत्त्वाचा असलेला फोटो बॅकग्राउंडमध्ये टाकूच नका. आणि मोबाइलवर इमेज टॅग डिस्प्ले नन करून डेटा वाचला असं समजू नका. साधी, लेझी नसलेली इमेज लपवली तरी डाउनलोड होतेच.

फाइली बनवताना

शार्प, इमेजमॅजिक, स्क्वूश, कोणतंही टूल चालेल. क्रम चुकला की टूल कितीही चांगलं असून उपयोग नाही.

प्रत्येक रुंदी मूळ फोटोवरून काढा. १८०० वरून १२८०, त्यावरून ९०० अशी उतरंड लावली की दर पायरीला जेपेगचे डाग साठत जातात. आधी एक्झिफमधली (कॅमेऱ्याने फोटोसोबत साठवलेल्या माहितीतली) दिशा पिक्सेलमध्ये उतरवा: शार्पमध्ये रोटेट कंसात काही न देता, इमेजमॅजिकमध्ये ऑटो-ओरिएंट. मेटाडेटा आधी पुसला तर फोनवर उभा काढलेला फोटो आडवा पडतो. मग रंग एसआरजीबीमध्ये, म्हणजे वेबच्या नेहमीच्या रंगपद्धतीत, बदला. अ‍ॅडोबी आरजीबी किंवा डिस्प्ले पी३ मधल्या फोटोची प्रोफाइल रंग न बदलता काढून टाकली की फोटो फिकट, मेलेला दिसतो, आणि हा दोष पुन्हा कॉम्प्रेशनच्या माथी मारला जातो. मग आकार बदला, वाढवायला मनाई करून. शार्पमध्ये त्यासाठी विदाउट-एनलार्जमेंट आहे. लहान रुंदीला किंचित शार्पनिंग. शेवटी एन्कोडिंग.

क्वालिटीचे आकडे एका फॉरमॅटवरून दुसऱ्यात नेता येत नाहीत. जेपेगला ७५ ते ८० मध्ये सुरुवात करा, वेबपीला ७५ च्या आसपास, एव्हीआयएफला ५० ते ६०. एव्हीआयएफला ८० लावून 'हा तर जेपेगएवढाच मोठा येतोय' म्हणणारे भेटत राहतात. आकडा ठरवताना गुळगुळीत आकाश, गडद सावल्या आणि लाल कापड असलेले दोन-तीन फोटो निवडा, दोष तिथेच आधी दिसतात. वेबपीची कोणतीही बाजू १६,३८३ पिक्सेलच्या पुढे जात नाही; लांबलचक इन्फोग्राफिक असेल तर हे आठवा. लोगो आणि आयकॉनसाठी एसव्हीजी आहे, तिथे हा सगळा खटाटोप नको.

पत्त्यात रुंदी देऊन मागणीनुसार इमेज बनवणारा सर्व्हर वापरत असाल तर परवानगी असलेल्या रुंद्या ठरावीकच ठेवा. कोणीही १ पासून ५००० पर्यंत प्रत्येक आकडा मागू शकत असेल तर कॅश निकामी होतो आणि प्रोसेसर भाजून निघतो. ब्राउझरच्या अ‍ॅक्सेप्ट हेडरवरून (कोणते फॉरमॅट चालतात ते तो त्यात सांगतो) फॉरमॅट बदलत असाल तर उत्तरात 'व्हॅरी: अ‍ॅक्सेप्ट' हे हेडर हवंच, नाहीतर मधल्या कॅशमधून एव्हीआयएफ अशा ब्राउझरला जाईल ज्याला तो उघडता येत नाही.

टॅगवरचं बाकीचं

विड्थ आणि हाइट अ‍ॅट्रिब्यूट नेहमी लिहा. सीएसएसमध्ये हाइट ऑटो असताना ब्राउझर त्यातून फक्त गुणोत्तर घेतो आणि फाइल यायच्या आधी जागा राखून ठेवतो. त्यामुळे यादीतल्या कोणत्याही एका फाइलचे आकडे चालतात. पिक्चरमध्ये उभा आणि आडवा क्रॉप असेल तर प्रत्येक सोर्सवर त्याचे त्याचे आकडे द्या.

पहिल्या पडद्यावरच्या मुख्य इमेजला लेझी लावू नका. थीम आणि प्लगइन सरसकट लावून मोकळे होतात, आणि मग एलसीपी (पहिल्या पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत का येत नाही याचा शोध सुरू होतो. त्या एका इमेजला फेचप्रायॉरिटी हाय द्या, म्हणजे ब्राउझर ती आधी मागवेल. पाच इमेजना दिलं तर कुणालाच दिल्यासारखं नाही. ती प्रीलोड करायची असेल तर प्रीलोडच्या लिंकवर इमेजसोर्ससेट आणि इमेजसाइझेस अक्षरशः तेच हवेत जे इमेज टॅगवर आहेत. फरक पडला की दोन वेगवेगळ्या रुंद्या उतरतात आणि प्रीलोडनेच पान मंदावतं.

वर्डप्रेसमध्ये सोर्ससेट ४.४ पासून, म्हणजे डिसेंबर २०१५ पासून आपोआप येतं. मूळच्या रुंद्या ३००, ७६८ आणि १०२४; वर्डप्रेस ५.३ मध्ये १५३६ आणि २०४८ आल्या, आणि २५६० पेक्षा मोठा फोटो अपलोड केला की त्याची छोटी प्रत बनायला लागली. पण साइझेस मात्र वर्डप्रेस अंदाजाने लिहितं: इमेजच्या रुंदीपर्यंत १०० व्हीडब्ल्यू, पुढे इमेजची रुंदी. थीममध्ये साइडबार किंवा ग्रिड असेल तर हा अंदाज चुकतो. ६.७ पासून लेझी इमेजना ऑटो लागतं, त्यामुळे जिथे ब्राउझर साथ देतो तिथे दुखणं कमी झालं. उरलेल्यासाठी थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये डब्ल्यूपी-कॅल्क्युलेट-इमेज-साइझेस या फिल्टरवर खरा आकडा द्या. आणि वेगळ्या गुणोत्तरात क्रॉप केलेल्या प्रती वर्डप्रेस एका सोर्ससेटमध्ये घेत नाही, म्हणून १:१ च्या कार्डांसाठी दोन-तीन १:१ मापं स्वतः नोंदवावी लागतात. नाहीतर चौकोनी कार्डाला एकच फाइल मिळते आणि सोर्ससेट येतच नाही.

तपासायचं कसं

डेव्हटूल्समध्ये कॅश बंद करा. क्रोमकडे मोठी फाइल आधीच असेल तर खिडकी लहान केल्यावर तो लहान मागवत नाही, आणि आपल्याला वाटतं सोर्ससेट चालतच नाही. खिडकीची रुंदी ठरवा, घनता ठरवा, मग रीलोड. ओढून लहान-मोठं करत बघण्यात अर्थ नाही. प्रत्येक ब्रेकपॉइंटच्या एक पिक्सेल आधी आणि एक नंतर बघा, कारण जागेचा आकडा तिथेच उडी मारतो. वरच्या ग्रिडमध्ये ५९९ आणि ६०० मध्ये तो ५५१ वरून २६४ वर येतो.

कोणती फाइल आली हे कन्सोलमध्ये करंट-एसआरसी सांगतं. नॅचरल-विड्थवर मात्र फसू नका. डब्ल्यू डिस्क्रिप्टर असेल तर ती फाइलची खरी रुंदी सांगत नाही, घनतेने भागलेली सांगते. १२८० ची फाइल आली तरी साइझेसने ३६८ सांगितलं असेल तर नॅचरल-विड्थ ३६८ च दिसेल. फाइलची खरी रुंदी हवी तर करंट-एसआरसीमधला पत्ता नव्या टॅबमध्ये उघडा.

हीच विचित्र गोष्ट उलटी वापरता येते. डब्ल्यूचे आकडे खरे असतील तर नॅचरल-विड्थ म्हणजे साइझेसने सांगितलेली जागा, आणि क्लायंट-विड्थ म्हणजे प्रत्यक्षातली जागा. पानावरच्या सोर्ससेट असलेल्या सगळ्या इमेजवर लूप फिरवा, पहिलीला दुसरीने भागा आणि छापा. उत्तर १ च्या आसपास असेल तर साइझेस बरोबर. २ आलं तर जागेच्या दुप्पट आकडा लिहिला आहे, ०.५ आलं तर फोटो धूसर आहे. घनतेची मर्यादा मुद्दाम लावली असेल तिथे ०.६७ अपेक्षितच आहे, आणि कव्हरच्या इमेजना हा निकष लावू नका. हाच लूप ३६०, ५९९, ६००, १०२४ आणि १४४० वर फिरवणारी छोटी स्क्रिप्ट बिल्डमध्ये टाकून ठेवा. कोणी सीएसएसमध्ये गॅप किंवा कॉलम बदलले आणि साइझेसला हात लावला नाही, की त्याच दिवशी कळतं.